मीटरची जुनी पेटी बदलायची कोणी? एका दुमजली घराचे प्रकरण

ज्या घराचे हे प्रकरण आहे, ते दुमजली असून तळमजल्यावर थोरली बहीण आणि वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आपापल्या कुटुंबासह राहतात. दोन्ही मजल्यांच्या वीजजोडण्या स्वतंत्र आहेत, मात्र दोन्ही मीटर जिन्याखालच्या बाहेरच्या भिंतीवर, लोखंडी पत्र्याच्या एकाच पेटीत बसवलेली होती. ही पेटी त्यांच्या वडिलांनी घर बांधताना स्वतः करवून घेतली होती. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी दोन्ही बिले त्यांच्याच नावाने येत होती आणि वेळच्या वेळी भरलीही जात होती, त्यामुळे नाव बदलून घेण्याची गरज कोणालाच भासली नव्हती.

वीज कंपनीने फिरत्या चकतीची जुनी मीटर काढून इलेक्ट्रॉनिक मीटर बसवण्याचे काम हाती घेतले, तेव्हा तिचा तंत्रज्ञ या घरी आला. त्याने पेटीचे दार उघडले आणि काम सुरू न करताच थांबला. पेटीचा तळ गंजून जागोजागी भोके पडली होती, रीडिंग घेण्याच्या खिडकीची काच फुटलेली होती, आतल्या लाकडी फळीवर वरच्या मजल्याच्या मीटरखाली हातभर अंतरावरूनही दिसेल असा काळा डाग होता आणि एका कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. त्याने चिठ्ठी लिहून दिली: पेटी व फळी निकामी, बदलल्यानंतर मीटर बसवता येईल. बहिणीने त्याला विचारले, “अहो, पण आत सील तर तुमचं आहे ना?” तो म्हणाला, “सील आमचं आहे, काकू, पण पेटी तुमची.”

या दोन वाक्यांत काहीच खोटे नव्हते, आणि तरीही पुढचे आठ महिने काम तसूभरही सरकले नाही. बहिणीने ओळखीच्या वायरमनला बोलावले. तो म्हणाला, “ताई, पेटी मी अर्ध्या दिवसात बदलून देतो, पण आतलं सील तोडायचं कोणी? उद्या मीटरला हात लावला म्हणून माझ्यावरच येईल.” भावाचे म्हणणे होते की इतकी वर्षे दरमहा स्थिर आकार भरतो आहोत, तेव्हा मीटर आणि मीटरभोवतीचे सगळे कंपनीनेच पाहावे. कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज मागितला गेला, अर्ज दिल्यावर तो ग्राहकाच्या सहीने हवा असे सांगण्यात आले, आणि ग्राहक म्हणून ज्यांची नोंद होती ते हयात नव्हते. वारसांची संमतिपत्रे आणि मृत्यूचा दाखला जोडून नावात बदल करायचा, मग पेटीचा अर्ज करायचा, असा लांबचा रस्ता दिसल्यावर दोघांनीही ते काम पावसाळ्यानंतरवर ढकलले.

मी विद्युत पर्यवेक्षक म्हणून या प्रकरणात आलो तो पेटीसाठी नव्हे. वरच्या मजल्यावर पाणी तापवायचा गीझर लावला की दिवे लुकलुकतात आणि संध्याकाळी जिन्याखाली मासळीसारखा वास येतो, अशी भावाची तक्रार होती. हा वास ज्याने एकदा घेतला आहे तो विसरत नाही. स्विच, होल्डर, टर्मिनलची (वायर स्क्रूने आवळायच्या जागेची) आवरणे यांत वापरलेले काही प्रकारचे प्लास्टिक तापून करपू लागले की अगदी असाच वास सुटतो, आणि अनेक घरांत लोक कोपऱ्यात मेलेली पाल शोधत बसतात. मी गीझर चालू ठेवायला सांगून पेटीचे दार उघडले आणि हात न लावता, दुरून तापमान मोजणाऱ्या उपकरणाने पाहिले. तळमजल्याच्या मीटरचे टर्मिनल-आवरण हवेइतकेच गार होते, तर वरच्या मजल्याच्या मीटरचे त्याहून ४० अंशांनी अधिक तापलेले होते. गीझर बंद करवला आणि दहा मिनिटांत ते उतरू लागले.

येथे मी दोघा भावंडांना एक गोष्ट आग्रहाने सांगितली आणि ती या प्रकरणात सर्वांत उपयोगाची ठरली. पेटी कोणी बदलायची हा प्रश्न आणि आज रात्री आग लागू नये हा प्रश्न, हे दोन वेगळे अर्ज आहेत. पहिल्याला ग्राहकाची सही, नावातील बदल, खर्चाचा अंदाज हे सारे लागते. दुसऱ्याला फक्त कळवणे लागते. आतापर्यंतच्या प्रत्येक पत्रात त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या होत्या, त्यामुळे धोक्याची सूचना मालकीच्या वादाच्या फायलीत जाऊन पडली होती. त्या संध्याकाळी आपत्कालीन क्रमांकावर केवळ एवढेच कळवले की सीलखालचे टर्मिनल तापते आहे, करपल्याचा वास येतो आहे आणि भार बंद ठेवला आहे. कंपनीचा माणूस त्याच रात्री आला. त्याने पुरवठा खंडित केला, सील उघडले, वायरचे जळलेले टोक कापून ताज्या तांब्यावर जोड नव्याने घट्ट केला, पुन्हा सील लावले आणि पेटी बदलेपर्यंत गीझर वापरू नका असे सांगून गेला. याचे त्याने काही पैसे घेतले नाहीत. ग्राहक हयात आहे की नाही, हेही कोणी विचारले नाही.

सील उघडल्यावर जे दिसले ते नीट सांगायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा राहिला. मीटरमधून घराकडे निघणाऱ्या फेज (जिवंत) वायरचे टर्मिनल काळे पडले होते. पितळी स्क्रूला पेचकस लावताच तो जवळजवळ एक पूर्ण फेरा फिरला, म्हणजे तो आवळलेला नव्हताच. वायरचे रबरी आवरण टर्मिनलच्या तोंडाशी करपून मागे सरकले होते, आणि जसजसे टर्मिनलपासून दूर जावे तसतसे ते आधी ठिसूळ, मग नुसते फिकट आणि वीतभर अंतरावर चक्क धड होते. ओल शिरल्याची खूण निराळी असते: पितळेवर आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. तसा हिरवा थर या पेटीतही होता, पण तो फळीच्या खालच्या स्क्रूंवर आणि फुटक्या काचेच्या रेषेत, मीटरच्या टर्मिनलवर नव्हे. उष्णता जोडातून बाहेर पसरत गेली होती, बाहेरून आत आली नव्हती.

सैल जोड का जळतो याचे गणित साधे आहे आणि ते घरमालकाला समजावून सांगण्यासारखे आहे. जोडाचा रोध ०.१ ओहम धरला आणि त्यातून ५ अँपिअर प्रवाह गेला, तर तिथे अडीच वॉट उष्णता निर्माण होते, ती कोणाच्या लक्षातही येत नाही. गीझर, शेगडी असे सगळे मिळून ३० अँपिअर झाले की त्याच जोडात ९० वॉट निर्माण होतात, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह सहापट, तर उष्णता छत्तीसपट. बोटाच्या पेराएवढ्या जागेत ९० वॉट म्हणजे टेबलावरच्या डाग देण्याच्या मोठ्या कावियाएवढी उष्णता. एवढे होऊनही घरात पोहोचणारे व्होल्टेज अवघ्या ३ व्होल्टनी कमी होते, म्हणून दिवे लुकलुकू लागेपर्यंत कोणाला काही कळत नाही. आणि फ्यूज किंवा एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप तुटणारा स्विच) अशा दोषावर उडत नाही, कारण प्रवाह मुळात जास्त झालेलाच नसतो. रोधाने तापणाऱ्या जोडाला थांबवणारी कोणतीही गोष्ट सर्वसाधारण घराच्या बोर्डात नसते. तो जोड नीट आवळणे आणि अधूनमधून पाहणे एवढाच उपाय असतो.

मग हा जोड आवळायचा कोणी? येथे प्रकरणाचा खरा गाभा आहे. टर्मिनल मीटरचे, म्हणजे कंपनीचे. त्यात शिरणारी वायर घराची, म्हणजे मालकाची. सर्वसाधारण समज असा असतो की मीटरच्या अलीकडचे कंपनीचे आणि पलीकडचे आपले, जणू मीटर ही एक रेषाच आहे. पण मीटर ही रेषा नसून वीतभर लांबीची वस्तू आहे, आणि अलीकडे-पलीकडे यांच्यामधले दोन बोटांचे अंतर सीलबंद आवरणाखाली असते. कंपनीच्या स्थानिक अभियंत्याने सुरुवातीला असे म्हटले की फुटक्या काचेतून पाणी शिरून टर्मिनल खराब झाले असणार, पेटी मालकाची आहे, सबब मीटरचे नुकसानही मालकाने भरून द्यावे. मी आधी सांगितलेली निरीक्षणे छायाचित्रांसह लिहून दिली आणि त्याखाली माझे मत मांडले: ज्या स्क्रूला हात लावणे मालकाला मनाई आहे, तो स्क्रू सैल राहिल्याची जबाबदारी मालकावर टाकता येत नाही, मग त्यात अडकवलेली वायर कोणाचीही असो. हे मत मी अजूनही तितक्याच ठामपणे मांडेन. जबाबदारी मालकीमागून जशी येते, तशीच ती अधिकारामागूनही येते. एखाद्या जागेवर दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही असे ज्याने ठरवले, त्याने ती जागा पाहत राहण्याचे कामही स्वीकारलेले असते.

याची दुसरी बाजूही त्याच कागदात लिहावी लागली, आणि ती भावंडांना फारशी आवडली नाही. पेटीचा तळ गंजला, काच फुटली, माशीने घर केले, हे सारे सीलच्या बाहेरचे होते. ते त्यांना दिसत होते, त्यांच्या आवाक्यात होते आणि त्यांनी ते वर्षानुवर्षे तसेच राहू दिले होते. शिवाय वरच्या मजल्यावर गीझर आणि विजेची शेगडी, तळमजल्यावर वातानुकूलन यंत्र अशी भर पडत गेली, पण मंजूर भार मात्र वडिलांच्या काळातलाच राहिला. सैल स्क्रूचा दोष कंपनीचा असला, तरी त्यातून ३० अँपिअर वाहतील हे कंपनीला कोणी सांगितले नव्हते. वाढीव भाराचा अर्ज हा केवळ जास्त बिल ओढवून घेण्याचा कागद नसतो. रस्त्याकडून येणारी केबल, कट-आउट (मीटरच्या आधीचा कंपनीचा फ्यूज) आणि टर्मिनल त्या भाराला पुरेसे आहेत का, हे पाहण्याची वेळ कंपनीवर त्या कागदानेच येते.

देशोदेशी ही रेषा सारख्याच ठिकाणी काढलेली नाही, पण तिची घडण पुष्कळशी सारखी आहे. ब्रिटनमध्ये घरात येणारी केबल आणि तिच्या टोकाचा मुख्य फ्यूज वितरण कंपनीचा असतो, मीटरची जबाबदारी वीजविक्रेत्या कंपनीकडे असते, आणि दोन्ही ज्यात बसतात ते कपाट मात्र सहसा घरमालकाचे असते. वितरकाने ग्राहकाच्या जागेतील आपली उपकरणे धोका होणार नाही अशा स्थितीत ठेवली पाहिजेत, हे तिथल्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी मीटर कंपनीचे, पण ते ज्या सॉकेटमध्ये बसते ते सॉकेट घरमालकाने घ्यायचे आणि सांभाळायचे असते. ऑस्ट्रेलियातील जुन्या घरांत मीटर ज्या काळ्या फळ्यांवर बसवत, त्यांपैकी पुष्कळांत ॲस्बेस्टॉस आहे. त्या देशाने ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली, पण आधी बसवलेल्या फळ्या भिंतींवर राहिल्याच, आणि मीटर बदलायला आलेला माणूस अशी फळी पाहून परत जातो तेव्हा तिची व्यवस्था लावणे घरमालकाकडे येते. भारतात मीटर सर्वसाधारणपणे पुरवठादाराचे असते, आणि १९५६ च्या वीज नियमांपासून चालत आलेल्या तरतुदीनुसार पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेतील आपली उपकरणे सुरक्षित ठेवायची, तर ग्राहकाने त्या उपकरणांचा नीट सांभाळ करायचा आणि आपल्या ताब्यातील वायरिंग सुरक्षित ठेवायचे, अशी दोन्हीकडची कर्तव्ये एकाच ठिकाणी सांगितली आहेत. या सर्व ठिकाणी पेटी आणि तिच्यातील वस्तू यांचे मालक वेगळे असू शकतात, हे समान आहे. ‘पेटी कोणाची’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून ‘पेटीतले काय कोणाचे’ याचे उत्तर मिळत नाही.

सीलबद्दल एक गैरसमज येथेच दूर करावा असे मला वाटते. सील म्हणजे चोरी होऊ नये म्हणून लावलेली खूण, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते, आणि मीटरशी छेडछाड हा भारतातील २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे शिक्षापात्र गुन्हा आहे, हेही खरे. पण सील तोडू नये याचे त्याहून मोठे कारण विजेचेच आहे. घरातील वायरवर शॉर्ट झाला तर घरातला एमसीबी किंवा फ्यूज क्षणात तोडतो. कट-आउटच्या अलीकडे, म्हणजे रस्त्याकडून येणाऱ्या केबलवर, पेचकस आडवा पडला तर मध्ये घराचा कोणताही फ्यूज नसतो. त्यामागचा फ्यूज थेट रोहित्राजवळचा (ट्रान्सफॉर्मरजवळचा), अनेक घरांचा मिळून असलेला असतो, आणि तो उडेपर्यंत हजारो अँपिअरचा प्रवाह त्या पेचकसातून आणि त्याच्याभोवती पेटलेल्या ज्वाळेतून वाहतो. वायरमनने सीलला हात लावायला नकार दिला तेव्हा भावाला तो अंगचोरपणा वाटला होता. प्रत्यक्षात या संपूर्ण प्रकरणात सर्वांत आधी योग्य वागलेला माणूस तोच होता.

मग आम्ही पेटीचे चित्र काढले आणि जोडाजोडाला नाव लिहीत गेलो. रस्त्याकडून येणारी ॲल्युमिनियमची केबल, तिचा कट-आउटमधला जोड, कट-आउट, तिथून मीटरपर्यंतच्या वायर, दोन्ही मीटर, त्यांची चारही टर्मिनल आणि सर्व सील, हे कंपनीचे. पेटी, फळी, मीटरनंतरच्या वायर, दोन मेन स्विच, फ्यूज आणि अर्थिंग, हे मालकांचे. घराकडे निघणाऱ्या टर्मिनलमधला जोड कंपनीने करायचा, पण त्यासाठी पुरेशा जाडीची, टोक नीट सोललेली वायर मालकाच्या ठेकेदाराने आणून ठेवायची, असे त्या दोन बोटांच्या जागेबद्दल लिहिले. अभियंत्याने त्या कागदावर सही केली. मीटर आणि कट-आउट कंपनीच्या खर्चाने बदलण्याचे ठरले; फळी जळाली होती ती कंपनीच्या जोडामुळे, तरी ती एरवीही टाकायचीच होती, म्हणून तिचा आग्रह आम्ही धरला नाही. भावंडांनी आपापसात पेटी आणि अर्थिंगचा खर्च निम्मा-निम्मा आणि मीटरनंतरचे ज्याचे त्याने, असे वाटून घेतले. याच दरम्यान नावातील बदल आणि वाढीव भार यांचे अर्जही गेले. ते अडले नाहीत, फक्त त्यांना त्यांचा वेळ लागला.

पहिली ठरलेली तारीख मात्र फुकट गेली, आणि त्यात चूक आमची होती. वायरमनने जुन्या मापाची पत्र्याची पेटी आधीच आणून ठेवली होती. नव्या मीटरला संदेशवहनाचा भाग जोडलेला असल्याने ते त्या पेटीत बसले, पण दार लागेना. आणि लागले असते तरी चहूबाजूंनी बंद पत्र्यातून त्याचा रेडिओ संदेश नीट बाहेर पडला नसता. पेटी मालकाची असली, तरी तिचे माप, खिडकीची जागा आणि सील लावायची भोके कशी हवीत हे कंपनीच सांगू शकते, तेव्हा पेटी विकत घेण्यापूर्वी तिचा मंजूर नकाशा मागून घ्यायला हवा होता. दुसऱ्यांदा पॉलीकार्बोनेटची, आयपी ५४ दर्जाची पेटी आणली. या आकड्यांतला पहिला धुळीपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. ५४ म्हणजे अपायकारक प्रमाणात धूळ आत जाणार नाही आणि कोणत्याही दिशेने उडालेल्या पाण्याने बिघाड होणार नाही. तीत दोन कप्पे होते, एक सीलबंद आणि दुसरा मालकाने केव्हाही उघडावा असा. जुन्या पेटीत ही विभागणी असती, तर निम्मा वाद झालाच नसता.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी कंपनीच्या माणसांनी आधी पुरवठा तोडला, तपासून खात्री केली आणि जुन्या मीटरची अखेरची रीडिंग भावंडांसमोर छायाचित्र घेऊन नोंदवली. पुढच्या बिलाच्या वादात हा एक फोटो फार कामाला येतो. त्यानंतर दोन-अडीच तास वायरमनचे होते. फळी भिंतीवरून उतरवल्यावर दोन गोष्टी निघाल्या, ज्यांचा कोणी विचारच केला नव्हता. एक म्हणजे जुन्या मेन बोर्डात फेजप्रमाणे न्यूट्रलवरही (परतीच्या वायरवरही) फ्यूज होता. पूर्वी अशी पद्धत होती, आणि ती घातक आहे: न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरातला दिवा विझतो, पंखा थांबतो, माणूस वीज गेली असे समजून वायरला हात घालतो, आणि वायरमध्ये फेज मात्र तसाच असतो. तो फ्यूज काढून टाकला आणि दोन्ही तारा एकदम तोडणारे मेन स्विच बसवले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. घराची अर्थिंग वायर पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली होती. तो नळ काही वर्षांपूर्वी बदलून प्लास्टिकचा केला गेला होता. भिंतीतला हातभर लोखंडी तुकडा तेवढा शिल्लक होता आणि अर्थची वायर इमानाने त्याला गुंडाळलेली होती. म्हणजे तेव्हापासून या घराला अर्थिंगच नव्हते, गीझरला नव्हते, शेगडीला नव्हते. नळ बदलणाऱ्याला विजेचे कळत नव्हते आणि वायरमनला नळाचे कोणी सांगितले नव्हते.

अर्थिंगच्या जबाबदारीबद्दल येथे पुन्हा तोच प्रश्न आला, पण तो लवकर सुटला. काही पुरवठा-पद्धतींत कंपनी आपल्या केबलसोबत अर्थचे टर्मिनल देते, तर काहींत घरमालकाने स्वतःचा अर्थ इलेक्ट्रोड जमिनीत रोवायचा असतो. येथे दुसरी पद्धत होती, सबब काम मालकांचे. नवा इलेक्ट्रोड रोवला, त्याची वायर दोन्ही मेन बोर्डांपर्यंत आणली आणि प्रत्येक मजल्यावर ३० मिलिअँपिअर गळतीला तोडणारा आरसीसीबी बसवला. मग ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने दोन्ही मजल्यांच्या वायरिंगचा इन्सुलेशन रोध तपासला. किमान १ मेगओहम हवा असतो. तळमजल्याचा भरपूर आला, वरच्या मजल्याच्या एका सर्किटचा कमी आला आणि तो स्वयंपाकघरातल्या ओल्या भिंतीतील जुन्या पॉइंटपर्यंत शोधत जावे लागले. ते सर्किट त्या दिवशी बंद ठेवले.

दुपारनंतर कंपनीचे लोक परतले. केबल या वेळी पेटीत वरून न घालता खालून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घेतली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता खाली टपकून जाईल. ॲल्युमिनियमच्या केबलला थेट पितळी टर्मिनलमध्ये न दाबता दोन्ही धातूंना चालणारे लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) लावले. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसत जाते, त्याच्या पृष्ठभागावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर लगेच धरतो, आणि तांब्या-पितळेशी ओलाव्यात त्याचे जमत नाही, म्हणून जुन्या पेट्यांत सैल होणारा पहिला जोड बहुधा हाच असतो. मीटरचे स्क्रू आवळताना बहीण जवळ उभी होती. तंत्रज्ञाने प्रत्येक वायर आवळल्यावर ओढून पाहिली, काही मिनिटांनी पुन्हा एकदा सगळे स्क्रू आवळले आणि मगच आवरण लावून सील केले. “काकू, सीलचे नंबर लिहून घ्या,” असे त्याने स्वतःहून सांगितले.

आता पेटीच्या मालकाकडील कप्प्याच्या दारावर आतून तो चित्राचा कागद प्लास्टिकमध्ये घालून लावलेला आहे. त्यावर दोन रंगांत कोणाचे काय ते दाखवले आहे, सीलचे क्रमांक आहेत, अर्थ इलेक्ट्रोडची जागा दाखवली आहे आणि त्याखाली टर्मिनल पुन्हा तपासल्याची तारीख लिहिण्यासाठी एक रकाना आहे. भार वाढलेल्या जोडणीतील सीलबंद जोडांची कंपनीने एकदा तरी पुन्हा पाहणी करावी, असा लेखी अर्ज आता बहिणीने आपल्या नावाने आणि सहीने दिला आहे, आणि त्याची पोचही तिला मिळाली आहे. रकाना अजून रिकामा आहे. वरच्या मजल्यावरचे ते ओल्या भिंतीतले सर्किट बंदच आहे, ते मालकांचे काम आहे, आणि भिंत वाळली की वायरमन ते करणार आहे.